शून्य इंधनाची टाकी

या अंकाच्या संपादकांनी मला तीनदा लिहायला सांगितलं. पहिल्यांदा मी मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं कारण दिलं, दुसऱ्यांदा संगणक बिघडला म्हणालो आणि तिसऱ्यांदा "फुकटच्या विमानांबद्दल कोण वाचणार हो?" म्हणून फोन ठेवून दिला. तिन्ही वेळा खरं कारण एकच होतं. विमानांबद्दल लिहायचं तर वामनबद्दल लिहावं लागतं आणि वामनबद्दल खरं लिहायचं तर मला स्वतःबद्दलही खरं लिहावं लागतं. ते मी इतकी वर्षं टाळलं. आता लिहितो.

मी पाटबंधारे खात्यात आरेखक होतो. कालवे, सांडवे, दरवाजे यांचे नकाशे काढण्यात नोकरी गेली. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मला दुसऱ्याच कामाचा नाद लागला आणि निवृत्तीनंतर तेच माझं काम झालं. घरच्या संगणकावर विमान चालवायचा एक प्रोग्राम असतो, त्याला सिम्युलेटर म्हणतात. त्याला खेळ म्हटलं की आमच्यातली माणसं चिडतात. मीही चिडतो. या प्रोग्रामसोबत मोजकी विमानं येतात. बाकीची हौशी माणसं घरी बसून तयार करतात आणि वेबसाइटवर फुकट ठेवतात. मी अशी सात प्रवासी विमानं केली. खऱ्या विमानात मी आयुष्यात दोनदा बसलो.

चंद्रपूरच्या आमच्या गल्लीत हे कोणाला समजावून सांगता आलं नाही. "साहेब विमान बनवतात" एवढंच लोकांना माहीत. एकदा मीटरचं रीडिंग घेणारा माणूस काम झाल्यावरही जाईना. शेवटी म्हणाला, "साहेब, गच्चीवर ठेवलं आहे का?" आमच्या घरातून तर रोजचा आहेर होता, "लोकांचे नवरे रिटायर झाल्यावर भाजी तरी आणून देतात."

काम कसं असतं ते सांगतो. आधी विमानाचा आकार घडवायचा. तो हजारो लहान त्रिकोण जोडून होतो. मग त्यावर रंग चढवायचा, भेटवस्तूला कागद गुंडाळतात तसा. आणि पंखाजवळ तो हमखास सुरकुततो. मग वैमानिकासमोरची घड्याळं आणि इंजिनाचे आवाज. एवढं झालं की विमान दिसायला तयार होतं, पण उडत नाही. उडण्यासाठी आकड्यांची एक फाइल लागते. वजन किती, त्या वजनाचा मध्य कुठे, पंख किती मोठे, इंधनाच्या टाक्या किती आणि कुठे, चाकं जमिनीला नेमकी कुठे टेकतात. हिला आम्ही उड्डाण-फाइल म्हणतो. तिच्यात चाकाचा आकडा थोडा चुकला की उभं विमान बेडकासारखं उड्या मारतं, नाहीतर गुडघ्यापर्यंत धावपट्टीत रुततं. दिसणं माझ्या हातातलं होतं. उडवणं मला कधी जमलं नाही.

शेवटी एक साधी मजकुराची फाइल. विमान कसं बसवायचं, कोणी काय केलं, कोणाचे आभार. तिचं नावच आम्ही ठेवतो "आधी हे वाचा". ती कोणी वाचत नाही. विमान फुकट नेणारे मलाच विचारतात. "चाकं वर कशी घ्यायची?" दुसऱ्याच ओळीत लिहिलेलं आहे. "दार उघडत नाही." पाचवी ओळ. "विमान काळं दिसतं." त्याला तर मी वेगळा परिच्छेद दिला होता. एका गृहस्थांनी विचारलं, ही वाचायची फाइल उघडायची कशी? ते त्या फाइलीतच लिहिलं होतं, म्हणून तेवढा एक प्रश्न मी सोडून दिला. आणि हे सगळे सामान विकत घेतलेल्या गिऱ्हाइकाच्या आवाजात बोलणार! वैमानिकाच्या डोक्यावर टोपी का नाही? संडासाचं दार उघडत का नाही? पुढचं विमान कधी? अहो, मागचं तरी नीट उतरवा.

नागपूरच्या एका गृहस्थांनी कळवलं की उजव्या बाजूला एक खिडकी जास्त आहे. मी चार दिवस त्यांच्याशी भांडलो. मी आरेखक, मला खिडक्या शिकवता? पाचव्या दिवशी खऱ्या विमानाचा फोटो समोर ठेवून खिडक्या मोजल्या. त्यांचं बरोबर होतं. मी डावी बाजू काढून तीच आरशासारखी उजवीकडे उलटवली होती. आधी भांडायचं आणि मग पाहायचं, ही माझी जुनी खोड. तिथे ती खिडकीवर निभावली.

या कामात मोबदला नसतो. असतं ते नाव, आणि ते असतं त्या न वाचल्या जाणाऱ्या फाइलीत. ज्यांचं नाव त्यात असतं, ते मात्र ती वाचतात.

वामन मारबते मला ब्रह्मपुरीत भेटला. माझी तिथे बदली होती. संगणकातून जळका वास आला म्हणून कोणीतरी बाजारातल्या रेडिओ-टीव्हीवाल्याला घेऊन आलं. ब्रह्मपुरीपासून जवळच्या गावचा, तलावात आणि नदीत मासे धरणाऱ्या घरातला, माझ्याहून पंधराएक वर्षांनी लहान. त्याने संगणक सुरू केला तेव्हा पडद्यावर माझं पहिलं विमान धावपट्टीवर शेपूट टेकून, नाक आभाळात करून बसलेलं होतं. तीन आठवडे ते तसंच बसत होतं.

वामनने पेचकस खिशात ठेवला आणि वाकून पाहिलं. "भाऊ, हे तं डोंग्यावानी करून राह्यलं."

"कसल्या डोंग्यासारखं?"

"आमच्या तलावातला मासे धराचा डोंगा जी. दोघं जन मागं बसले का तोंड वर येते. तुमच्या विमानात मागं कोन बसलं?"

मला रागच आला. तरी फाइल उघडून दाखवली. वजनाचा मध्य मी पंखाच्या बराच मागे टाकला होता. वामनने तो आकडा पुढे सरकवायला लावला. विमान हळूच नाक खाली घेऊन तीन चाकांवर उभं राहिलं. वामन टाळी वाजवून हसला आणि मी त्याला चहा पाजला.

तेव्हापासून उड्डाण-फाइल वामनची. विमानात तो कधी बसला नाही, पण पाण्यावर तोल कसा जातो आणि कसा सावरतो हे त्याला बसल्या जागी कळायचं. त्याची पद्धत म्हणजे माझा जीव जायचा. शाळेच्या वहीत रेघा मारून, एका वेळी एकच आकडा बदलायचा. उडवायचं, उतरवायचं, लिहायचं. मग पुढचा आकडा. मी म्हणायचो, "अरे, चार एकदम बदल ना!" तो म्हणायचा, "मंग कोनत्यानं बिघडलं ते कसं समजन, भाऊ?" मी चिडायचो. मी चंद्रपूरला परत आल्यावरही त्याचं काम थांबलं नाही. फाइल तयार झाली की तो एसटीने स्वतः पेनड्राइव्ह घेऊन यायचा. इंटरनेटवर त्याचा विश्वास नव्हता.

पहिल्या विमानाच्या वाचायच्या फाइलीत मी लिहिलं, "उड्डाण: वामन मारबते, ब्रह्मपुरी." त्याने त्या पानाची छापील प्रत काढून दुकानात गल्ल्यामागच्या भिंतीवर चिकटवली. टीव्ही दुरुस्तीला आणणाऱ्या प्रत्येकाला तो ती दाखवायचा. एकदा एक म्हातारा म्हणाला, "मंग तू विमानात काऊन नाई बसत?" वामन म्हणाला, "बनवनाऱ्यानं बसा लागते का? खाटेवाला का सगळ्या खाटीवर झोपून पाह्यते?"

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते.

आमचं पाचवं विमान सगळ्यांत मोठं होतं. दोन पंख्यांचं, पन्नासेक प्रवाशांचं. वामनची फाइल येईपर्यंत मला माझा आकार उडवून तपासायचा होता. अशा वेळी सगळे जे करतात तेच मी केलं. परदेशातल्या एका जुन्या कारागिराच्या विमानाची उड्डाण-फाइल उसनी घेऊन तात्पुरती लावली. घरात तपासायला हे चालतं. तीच फाइल परवानगीशिवाय आपल्या विमानासोबत लोकांना देणं ही आमच्यात चोरी. ती उसनी फाइल मी वामनलाही नमुना म्हणून पाठवली होती.

वामन आला, पेनड्राइव्ह दिला, जेवून गेला. त्याची फाइल मी "अंतिम" नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली. उसनी फाइल "अंतिम दोन" मध्ये होती, कारण तिथे मी रंग तपासत होतो. मग "खरंच अंतिम" असं तिसरं फोल्डर केलं. आयुष्यभर नकाशांना क्रमांक देणाऱ्या माणसाने हे केलं, याचा मला आजही संताप येतो. त्या दिवशी बाराला लोडशेडिंग होतं. वेबसाइटवर लोक "कधी? कधी?" करत होते. अकरा वाजता मी घाईघाईने सगळं बांधलं आणि पाठवून दिलं. वीज जायच्या आत विमान गेलं.

दोन दिवसांनी वामनचा फोन आला. "भाऊ, हे नाक काऊन टाकून राह्यलं? मी देलो ते असं नव्हतं."

"वेबसाइटवरून फाइल उतरवून घेताना तुझ्या मशीनवर काही झालं असेल."

"आकडे बदलले का तुमी?"

"मी कशाला बदलतो? तू दिलेलीच फाइल टाकली. मी स्वतः तपासली."

फाइल उतरवून घेताना विमानाचं नाक जड होत नाही, हे मला माहीत होतं. आणि मी काहीही तपासलं नव्हतं. पण लोक स्तुती करत होते आणि मला पुन्हा ते गाठोडं सोडायचं नव्हतं. वामन म्हणाला, "तुमी पाह्यले तं ठीक आहे."

त्याच सुमारास जिवतीहून एका शिक्षकाचं पत्र आलं. शाळेच्या जुन्या संगणकावर आमचं विमान इतकं हळू चालायचं की, त्यांच्या शब्दांत, एक चित्र दिसलं की चहा पिऊन यावं, मग दुसरं दिसतं. हलकं करून द्याल का? मी वैतागून पत्र बाजूला ठेवलं. वामनने ते माझ्याकडून ऐकून मनावर घेतलं. माझ्या आकारातले निम्मे त्रिकोण काढले, स्वतःजवळची उड्डाण-फाइल जोडली आणि सीडी करून जिवतीला पाठवली. मला नंतर सांगितलं. खिडक्या कमी केल्या म्हणून मी त्याच्यावर ओरडलो.

महिन्याभरात त्या परदेशी कारागिराचं पत्र आलं, वेबसाइटवर, सगळ्यांदेखत. तुमच्या विमानात माझी उड्डाण-फाइल आहे. पुरावा? तो म्हणाला, टाक्या मोजा. आपल्या प्रत्येक फाइलीत तो एक जादा टाकी टाकत असे, जिच्यात शून्य इंधन मावतं. तिचा विमानाला काही उपयोग नाही आणि त्रासही नाही. ती त्याची खूण होती, जशी गवंडी विटेखाली ठेवतात. आमच्या विमानात ती टाकी होती.

वेबसाइटवाल्यांनी विमान काढून घेतलं आणि खुलासा मागितला. मी वामनला फोन केला. विचारायला नव्हे, झापायला.

"तू नमुन्याचीच फाइल उचलून दिलीस?"

"नाई जी भाऊ."

"मग ती पाचवी टाकी कुठून आली?"

"कोनती टाकी? माह्या फाइलीत चारच टाक्या आहेत. वहीत लिवून आहे. आनून दाखवू का?"

"वही काय दाखवतोस! जगासमोर माझं नाक कापलं गेलं."

"भाऊ, तुमच्याजवळची माही फाइल उघडून तं पाहा."

दोन मिनिटांचं काम होतं. संगणक समोर सुरू होता. मी उघडून पाहिलं नाही. मी फोन ठेवला आणि खुलासा लिहिला. उड्डाणाचं काम ब्रह्मपुरीच्या सहकाऱ्याने केलं होतं, त्याने केलेल्या चोरीची मला कल्पना नव्हती, यापुढे त्याचा आमच्या कामाशी संबंध नाही. चोरी हा शब्द मीच लिहिला. आधीच्या चारही विमानांच्या फाइलींतून त्याचं नाव काढलं. त्या चार विमानांतलं प्रत्येक उड्डाण त्याचं होतं. परदेशी कारागिराने उत्तरात लिहिलं की असा प्रामाणिक माणूस या क्षेत्रात विरळा. ते वाक्य मी घरी वाचून दाखवलं.

वामनने पुन्हा फोन केला नाही. मी दुसऱ्या कोणाकडून फाइली घेऊन आणखी दोन विमानं केली. दोन्ही दिसायला सुंदर आणि उडायला दगड.

वर्षभराने जिवतीच्या शिक्षकांचा फोन आला. शाळेत नवा संगणक आला होता आणि त्यांनी मोठं विमान कोणाकडून तरी मिळवून बसवलं होतं. ते म्हणाले, "सर, एक शंका होती. सीडीवरलं हलकं विमान मस्त उडते, पोट्टे बी उतरवतात त्याले. हे भारीवालं नाक खाली टाकते. विमान तं एकच आहे ना?"

"एकच आहे," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

मग ती तीन फोल्डरं उघडली. "अंतिम" मध्ये वामनची फाइल होती, चार टाक्यांची, त्याने दिली त्याच तारखेची, तेव्हापासून कोणी हात न लावलेली. "खरंच अंतिम" मी "अंतिम दोन" वरून बनवलं होतं. मी संगणक बंद केला, पिशवी घेतली आणि भाजी आणायला गेलो. बायको दारात उभी राहून बघत राहिली.

त्याच दिवशी चार ओळी लिहिल्या असत्या तर संपलं असतं. मी स्वतःला सांगितलं की आता जुनं झालं. मग सांगितलं की वामन विसरला असेल. मग म्हणालो, समोर जाऊनच सांगायला हवं, फोनवर बरं दिसत नाही. असं म्हणण्यात सहा वर्षं गेली. खिडक्या मोजल्यावर नागपूरच्या माणसाची माफी मागायला मला एक दिवस लागला होता.

शेवटी एकदा आम्ही मार्कंड्याच्या जत्रेला गेलो. परतीच्या वाटेवर गडचिरोलीला बायकोला तिच्या बहिणीकडे सोडलं आणि मी आरमोरीवरून ब्रह्मपुरीची बस धरली. बसमध्ये वाक्य पाठ करत होतो.

दुकान तिथेच होतं. टीव्ही गेले होते. वामन आता झेरॉक्स काढायचा आणि लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून द्यायचा. केस पांढरे झालेले. मला पाहून गिऱ्हाइकाला तसंच सोडून उठला. "भाऊ! बसा, बसा. सिंधू, पाहा कोन आलं." गल्ल्यामागची भिंत धुराने पिवळी पडली होती. तिच्यावर पानाएवढा एक पांढरा चौकोन होता.

घरी नेऊन जेवू घातलं. तलावातली मासळी, भात. सिंधूवहिनी वाढत होत्या. मी वाक्याला सुरुवात करणार, तेवढ्यात वामनच बोलला, पानाकडे पाहून.

"भाऊ, एक बोलाचं होतं. लय दिवस झाले. ते टाकीवालं माह्याकूनच झालं असन."

मी माशाचा काटा काढायला लागलो.

"दोन्ही फाइली त्या पेनड्राइव्हवर होत्या. तुमी म्हनले का मी तपासलो. मंग तुमच्याकून चुकन कसं? मीच नमुना देलो असन. लय सोचलो, मंग समजलं. जगात तुमचं नाव खराब झालं माह्यानं. माफ करा."

खरं बोलायला याहून मोठं दार कोणी उघडून देत नाही. मी त्या दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "जाऊ दे वामन. झालं ते झालं."

त्याचा चेहरा उजळला. खोटं नाही सांगत, उजळला. वहिनींना म्हणाला, "भाऊले अजून भात वाढ." मग मला बसवर सोडायला आला तेव्हा हळूच म्हणाला, "भाऊ, पुढचं विमान कराल तं नाव टाकान का? मदतनीस म्हनून. बारीक अक्षरात चालन."

मी म्हणालो, "बघू."

बस सुटेपर्यंत तो खाली उभा होता.

त्या पावसाळ्यात वामन गेला. चार दिवसांचा ताप. मला तीन आठवड्यांनी कळलं. तोवर ती वेबसाइटही बंद पडली होती. ती चालवणारा म्हातारा झाला आणि कोणी पुढे आलं नाही. माझा खुलासा, त्या कारागिराची शाबासकी, सगळं तिच्यासोबत गेलं. म्हणजे मी जिथे वामनला चोर म्हटलं ती जागाच आता नाही, तिथे जाऊन शब्द मागे घेता येत नाहीत. नवे सिम्युलेटर आमची जुनी विमानं चालवत नाहीत. तरी मी पाचवं विमान पुन्हा बांधलं, चार टाक्यांचं. वाचायची फाइल नव्याने लिहिली, एक पान छापलं आणि ते पिशवीत घालून ब्रह्मपुरीला गेलो.

वहिनींनी खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यांच्या हातून ते पान दुकानातल्या त्या चौकोनावर लावावं, असं मी ठरवून आलो होतो. पिशवीची चेन अर्धी उघडली होती.

"तुमी आले होते ना भाऊ, त्याचं लय समाधान होतं त्याईले," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात बी म्हनत होते. भाऊनं मले माफ केलं."

मी चेन लावली. आणखी थोडं बसलो, घरच्यांची विचारपूस केली आणि उठलो. ते पान अजून त्याच पिशवीत आहे. त्यावर विमानाचं नाव आहे आणि त्याखाली मी बसमध्ये पाठ केलेलं, वामन माझ्याशी ज्या भाषेत बोलायचा त्या भाषेतलं:

"वामन, तुहा पेनड्राइव्ह बरोबर होता. चुकीची फाइल मी टाकलो. तू म्हनला तेव्हा उघडून पाह्यलो नाई, आन् मंग पाह्यलो तं सांगलो नाई. चोरी तुही नाई. मले माफ कर."